कोरा आवाज

प्रिय उशीरबाई,

तुला उत्तर द्यायला मी शुक्रवारपर्यंतची मुदत मागून घेतली होती आणि आज गुरुवार उजाडला, मावळायलाही आला. उद्या सकाळी हे पत्र तालमीच्या हॉलवरच्या दारवानाकडे ठेवून येणार आहे. तालीम सकाळची आहे, म्हणजे तुझ्या हातात ते जेवणाच्या सुमाराला पडेल असं धरून चालते. फोनवरच सांगून मोकळी झाले असते, पण फोनवर तू मधेच हसतेस आणि तू हसलीस की माझं वाक्य अर्धवट राहतं. मला जे सांगायचंय ते सलग सांगायला हवं. आयुष्यभर दुसऱ्यांना वाक्यं पुरवणाऱ्या बाईला स्वतःचं एक पत्र लिहायला इतके कागद फाडावे लागले, यावर हवं तेवढं हसून घे आणि मग पुढे वाच.

तर तुझं म्हणणं असं, की आपल्या नाटक कंपनीच्या मास्तरांची मुलगी ते म्हातारा-म्हातारीचं नाटक पुन्हा उभं करते आहे, म्हातारी तूच करावीस असा तिचा हट्ट आहे आणि तू होकार दिलास तो एका अटीवर. विंगेतल्या कोपऱ्यात, वाक्य पुरवायला, मीच बसायला हवी. हल्ली नटाच्या कानात वाटाण्याएवढं यंत्र बसवतात आणि वाक्य अडलं की कुणीतरी लांबच्या खोलीतून ते सांगतं. ते तुला नको. "कानात किडा शिरल्यासारखं होतं मला," म्हणालीस. मी म्हणाले, बघते. तू म्हणालीस, "तुझं बघते म्हणजे नाही असतं, माहितेय मला." खरं आहे. माझं बघते आजवर नाहीच होतं. या वेळी मात्र मी आठवडाभर खरोखरच बघत होते. काय दिसलं ते सांगते. उत्तर शेवटी आहे, आणि आधी शेवटचं पान उघडायची तुझी खोड मला ठाऊक आहे, ती जरा आवर.

आधी तुझं कौतुक करून घेते, कारण तोंडावर ते मला कधी जमलं नाही. तू पहिल्यांदा तालमीला आलीस तो दिवस आठवतो का? तासभर उशिरा, एक बूट पायात आणि एक हातात, कारण टाच वाटेत निखळली होती. मास्तरांचा पारा चढलेला. तू दारात उभी राहून म्हणालीस, "मला रागवायचंय ना, मग बसून रागवा. मीपण बसते, पाय दुखतोय माझा." आणि बसलीससुद्धा. मास्तर हसले. मास्तरांना दात आहेत हे मला तेव्हा कळलं. सगळे हसत होते आणि मला मात्र तुझा भयंकर राग आला होता. माणसाला इतकं मोकळं वागता येतं, त्याने आभाळ कोसळत नाही, हे मला आधी कुणी सांगितलं का नाही, असा तो राग होता. उशीरबाई हे नाव मी त्या रागात ठेवलं. तू लगेच मला कोपऱ्यातली म्हणायला लागलीस. फिटंफाट झाली.

मी त्या कोपऱ्यात कशी आले ते तू अर्धंच ऐकलं आहेस. शाळा सोडल्यावर मी कंपनीच्या कचेरीत पत्रं टाइप करायला लागले होते. जुने प्रॉम्प्टर म्हातारे झाले, त्यांना प्रयोगात डुलकी लागायची, म्हणून मास्तरांनी कचेरीतल्या एकेकाला बोलावून एक प्रेमाचा प्रसंग वाचायला दिला. कुणी लाजलं, कुणी गळा काढला, हिशेबनीस तर असा रंगात आला की त्याला हाताला धरून थांबवावं लागलं. मी वाचला तो बाजारातून आणायच्या सामानाची चिठ्ठी वाचावी तसा. मास्तर म्हणाले, "हिला घ्या. हिच्यात काही नाही." लोकांनी मला पुढे किती दिवस त्यावरून चिडवलं, पण मला ती शाबासकीच वाटली होती. मग त्यांनी मला या कामाचा एकच नियम सांगितला: आवाज कोरा हवा. शब्द आपण द्यायचा, भाव नटाचा. "नटाच्या ताटात आपला उष्टा भाव वाढायचा नाही," हे त्यांचं वाक्य. नट अडलेला असतो, घाबरलेला असतो. त्या घडीला आपण रडव्या आवाजात वाक्य दिलं तर तो रडतो, चिडक्या आवाजात दिलं तर चिडतो, आणि त्याने महिनाभर घासून बसवलेलं सगळं मातीत जातं. कोऱ्या आवाजाची कला लोकांना दिसत नाही. पण मी त्यात तरबेज होते, हे आता सांगायला हरकत नाही.

तरबेज असायचं कारण घरी होतं. आमच्या आईला तू एकदाच भेटलीस आणि नंतर म्हणालीस की चहा चांगला होता पण कपात बर्फ पडल्यासारखं वाटत होतं. आई वाईट नव्हती गं. तिला फक्त कुठलीही गोष्ट उतू गेलेली खपत नसे, मग ते दूध असो, हसणं असो की आम्ही बहिणी. जिन्यावरून धावायचं नाही, दात दिसतील असं हसायचं नाही, आणि झोपताना हात पांघरुणाबाहेर. दोन्ही हात, वर, दिसतील असे. आम्ही झोपल्यावर ती येऊन बघून जायची आणि एखादीचा हात आत गेलेला दिसला तर काही न बोलता बाहेर काढून ठेवायची. का, ते तिने कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. हात आत गेले की काहीतरी घाण होतं एवढं आम्हाला समजलं होतं, आणि काय होतं ते समजायच्या वयात मी आले तेव्हा माझे हात आपले आपणच बाहेर राहायला शिकले होते. धाकटी लग्न करून सुटली, भावानेही संसार थाटला. मी आईबरोबर राहिले आणि आई गेल्यावरही हात बाहेरच राहिले. थंडीत बोटं काकडतात म्हणून मी लोकरीचे हातमोजे घालून झोपते. हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. पांघरूण छातीपर्यंत, वर मोजे घातलेले दोन हात. मला कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, बाई गाडीची वाट बघत पडली आहे.

पण आईचंच आणखी एक सांगते, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. बाबा रोज कामावर निघाले की ती दारात त्यांच्या कोटाच्या खांद्यावरची धूळ झटकायची. कोटावर धूळ कधीच नसायची, कारण तो आदल्या रात्री तिनेच ब्रशने साफ करून टांगलेला असायचा. तरी ती झटकायची, दोन्ही खांद्यांवरून, सावकाश, आणि बाबा तेवढा वेळ पुतळ्यासारखे उभे राहायचे. आमच्या घरात मोठ्या माणसांनी एकमेकांना हात लावलेला मी पाहिला तो एवढाच. लहानपणी मला वाटायचं की आई फार स्वच्छतेची भोक्ती आहे.

आपल्या कंपनीच्या सुताराने मला मागणी घातली होती, हे तुला माहीत नाही. तू यायच्या आधीची गोष्ट. मोठा गुणी माणूस. विंगेतलं माझं ते स्टूल त्याने माझ्या पाठीचं माप नुसत्या नजरेने घेऊन बनवलं होतं, त्याला पाठ लावली, पायाखाली फळी लावली. त्याने माझ्या वहिनीकरवी विचारलं. वहिनी आनंदाने वेडी झाली, कारण तिला वाटत होतं मी जन्मभर तिच्या डोक्यावर बसणार. मी म्हणाले, बघते. महिनाभराने तो स्वतः आला आणि म्हणाला, "बाई, नाही म्हणालात तरी स्टूल तुमचंच आहे." मग त्याने कपडेपटातल्या बाईशी लग्न केलं आणि दोघं सुखात राहिली. वहिनी म्हणाली, "ही बाई नाही, बर्फाची लादी आहे." मी मनात म्हणाले, असेन बाई. मला खरंच तसं वाटत होतं. काहींना संगीत कळत नाही, काहींना गोड आवडत नाही, तसं माझ्यात ते खातंच नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालून ठेवली होती. ती समजूत तुझी टाच निखळेपर्यंत टिकली.

आता तुझ्या पॉजबद्दल. नट थांबला की दोनच शक्यता असतात. एक तर तो विसरलाय, नाहीतर तो पॉज घेतोय. विसरलेल्याला वाक्य दिलं नाही तर तो बुडाला, आणि पॉज घेणाऱ्याला वाक्य दिलं तर त्याच्या सगळ्या मेहनतीवर पाणी. आमच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. दोन्हींतला फरक डोळ्याचं पातं लवायच्या आत ओळखावा लागतो. विसरलेल्या माणसाची मान ताठ होते आणि श्वास वर, छातीत अडकतो. पॉज घेणाऱ्याचा श्वास खाली, पोटात चालू असतो. हे मला कुणी शिकवलं नाही, तुझ्याकडे बघून कळलं. आणि काय तुझे पॉज होते गं! दुसरे नट थांबले की प्रेक्षक खोकायला लागतात. तू थांबलीस की ज्याला खोकला येतोय तोही तोंडावर रुमाल धरायचा. मी विंगेतून बघायचे, तुझी मान, तुझी पाठ, झग्याखाली हलणारं पोट. बघणं हे माझं कामच होतं. एखादी बाई दुसऱ्या बाईकडे रोज संध्याकाळी अशी टक लावून बसली असती तर चारचौघांत तिची छीथू झाली असती. मी बसायचे आणि मास्तर म्हणायचे, कामात चोख आहे.

आणि ते हूक. पहिल्या अंकाच्या शेवटी म्हातारी आठवणीत शिरून तरुण होते, तेव्हा रंगपटापर्यंत जाऊन यायला वेळ नसायचा. तू विंगेतच माझ्या छोट्या दिव्याकडे पाठ करून उभी राहायचीस. काळा झगा उतरायचा, निळा चढायचा आणि पाठीवरचे हूक मी लावायचे. पहिल्या दिवशी माझं बोट तुझ्या मणक्याला लागलं. तू म्हणालीस, "अगं, काय गार हात!" आणि तोंड दाबून हसलीस, झालं. तू विसरलीससुद्धा असशील. मी घरी जाऊन उशीच्या अभ्र्याला हूक शिवले आणि डोळे मिटून, नुसत्या नखांच्या टोकांनी, कापडाखेरीज कशालाही बोट लागू न देता ते लावायचा सराव केला. आईने विचारलं, अभ्र्याला हूक कशाला? मी म्हणाले, उशी बाहेर येते. थोड्याच दिवसांत इतकी तयार झाले की माझे हात तुला जाणवेनासे झाले. तू म्हणालीस, "किती सफाई आली गं तुझ्या हाताला." लोक कुणाला हात लावता यावा म्हणून धडपडतात. मी लागू नये म्हणून धडपडले आणि त्यात पहिला नंबर काढला. पण गंमत अशी, की न लावलेला तो हात घरी आल्यावर रात्रभर माझ्याशी भांडायचा. पांघरुणाबाहेर पडून, मोज्यात, गरम झालेला.

मला तू हवी होतीस. मैत्रीण म्हणून तर होतीसच, मी म्हणते ते त्यापलीकडचं. तुझ्या मानेवरचा तो पावडरीचा पांढरा पट्टा मला ओठांनी पुसायचा होता. हे वाक्य लिहून मी उठले, चहाचं आधण ठेवलं, खिडकी लावली आणि परत आले. वाक्य अजून इथेच आहे आणि घर जागच्या जागी आहे. तेव्हा खाडाखोड करत नाही.

तुझं लग्न ठरलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही, असं मी ठरवलं होतं. तुझा नवरा भला माणूस. तो गेल्याचं कळलं तेव्हा मी तुला चार ओळी पाठवल्या होत्या, त्याही कोऱ्याच होत्या. त्याची मला तेव्हाच लाज वाटली. तो तुझ्या निरोपाच्या प्रयोगाला पहिल्या रांगेत बसला होता, बाहेर त्याची गाडी सामान भरून उभी होती. रविवारची दुपार. नाटक नेहमीसारखं चाललं, नेहमीपेक्षा चांगलंच. शेवटचा प्रवेश. म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायला गाडी आली आहे, तो परत येणार नाही हे दोघांना कळलंय आणि दोघंही बोलत नाहीत. तो दारापर्यंत जातो. तू पिशवी धरून उभी. इथे तुझा मोठा पॉज असायचा आणि मग ते साधंसुधं वाक्य, "मफलर घेतलास का?" त्या वाक्यावर सगळं थिएटर नाक पुसायचं. त्या दिवशी तू थांबलीस ती नेहमीपेक्षा जास्त थांबलीस. मी तुझ्या पोटाकडे पाहिलं. श्वास खाली होता, शांत. मान मोकळी. तू काहीही विसरली नव्हतीस. मला ते स्वच्छ दिसत होतं, आत्ता हा दिवा दिसतोय तितकं. आणि मी म्हणाले, "मफलर घेतलास का?"

तो आवाज माझा नव्हता. म्हणजे माझाच होता, पण मी तो आधी कधी ऐकला नव्हता. त्या वाक्यात आहे काय? कुणीही कुणालाही जाताजाता म्हणेल. पण ते असं बाहेर पडलं, की पडद्याची दोरी धरून उभा असलेला सुतार वळून माझ्याकडे बघत राहिला. आणि तू मान फिरवलीस. विंगेकडे नटाने कधी बघायचं नसतं, तू सरळ बघितलंस. म्हातारा दाराशी ताटकळतोय आणि त्याच्याकडे पाठ करून तू माझ्या अंधाराला विचारलंस, "मफलर घेतलास का?" तुझ्या आवाजात नाही, माझ्या. मी दिला होता तसाच्या तसा, काठोकाठ भरलेला. थिएटरमध्ये कुणी श्वास घेत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, की म्हातारीने तो प्रश्न प्रत्यक्ष मृत्यूलाच विचारला, काय ही झेप. मृत्यू म्हणजे मी, स्टुलावर, नाकावर चष्मा ओढून बसलेली. मास्तरांनी मात्र मला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. पॉजमध्ये वाक्य दिलंस, तू? मी म्हणाले, चूक झाली.

त्याआधी, पडदा पडल्या पडल्या, तू विंगेत आलीस आणि रोजच्यासारखी पाठ केलीस. मी हूक काढले. तू म्हणालीस, "चुकलीस आज." मी म्हणाले, हो. झगा पाठीवर उघडा, बाहेर तुला भेटायला आलेल्यांचा गलका, आणि तू हलत नव्हतीस. मी सवयीने पोटाकडे पाहिलं. श्वास खाली होता. तो पॉज होता उशीरबाई, मी तुझे सगळे पॉज ओळखते. फक्त या वेळी पुढचं वाक्य तुझं नव्हतं, माझं होतं, आणि माझ्या हातात संहिता नव्हती. मी तुझ्या खांद्यावरची धूळ झटकली. विंगेत धूळ असते, पण तुझ्या खांद्यावर नव्हती. तू जराशी थांबून कपडे बदललेस आणि गेलीस.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. बरीच वर्षं त्याच स्टुलावर काढली. ते कानातले किडे आले तेव्हा कंपनीने मला सन्मानाने घरी पाठवलं आणि स्टूल बरोबर दिलं. आता मी दृष्टी नसलेल्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. माझा कोरा आवाज तिथे फार आवडतो, ऐकणाऱ्याला आपलं आपण ठरवता येतं म्हणतात. तुझा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मधमाशीपालनावरचं पुस्तक वाचत होते. पोळ्याला धूर कसा द्यावा याचं प्रकरण. काचेपलीकडच्या मुलीने यंत्र थांबवलं आणि म्हणाली, "मावशी, बरं वाटत नाहीये का? तुम्ही रडवाल मला, मधमाश्यांच्या नावाने." परत वाचलं, परत तेच. घरी येऊन आपली जुनी संहिता काढली आणि शेगडीसमोर उभी राहून वाचत सुटले. चिठ्ठी वाचते तसं वाचायला गेले, नाही जमलं. "दार लाव" म्हटलं तरी त्यात काहीतरी शिरतंय. जन्मभराची कमाई एका फोनने धुऊन नेलीस. तू फोनवर काय म्हणालीस? "कशी आहेस गं?" एवढंच. पण तुला कोरं बोलता येतच नाही, कधी आलंच नाही. मला तुझं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याचंच. आणि हो, सोमवारपासून मी मोजे घालत नाही. थंडी वाजली, हात आत घेतले. काही कोसळलं नाही. माझेच हात आहेत, आणि चांगले ऊबदार आहेत. तू गार म्हणालीस ते तेव्हा.

आता उत्तर. कोपऱ्यात मी बसणार नाही. माझ्याकडे कोरा आवाज उरलेला नाही आणि तुझ्या ताटात मी उष्टं वाढणार नाही, मास्तर वर बसून ऐकत असतील. मास्तरांच्या मुलीला सांग, एखादी शांत पोरगी शोध, तिला श्वास कुठे बघायचा ते मी शिकवीन. मी समोर बसणार आहे, पहिल्या रांगेत, जिथे उजेड पडतो आणि तुला माझं तोंड दिसतं. आता हे पत्र का लिहिलं ते. फोन ठेवता ठेवता तू थांबलीस आणि म्हणालीस, "आणि हे बघ, तेव्हासारखी चुकलीस तरी चालेल मला." मी बरं म्हणून फोन ठेवला, आणि तेव्हापासून स्वयंपाकघरात नुसती येरझारा घालते आहे. मी चुकले नव्हते. मला श्वास दिसत होता. पॉज आहे हे मला पक्कं माहीत होतं, आणि तरी मी बोलले, कारण तू चालली होतीस. त्या विंगेत तू पाठ करून ज्याची वाट बघत होतीस ते वाक्य हे आहे, फार उशिरा देते आहे, पण उशिराबद्दल तू तरी मला बोलू नयेस. पत्र दारवानाकडे ठेवून मी घरी जाणार नाही. समोरच्या चहाच्या दुकानात खिडकीशी बसून राहीन. तालीम संपली की ये, किंवा न येण्याचं ठरवलंस तर मागच्या दाराने जा, मी समजेन. आलीस तर मात्र हूक असोत नसोत, माझे हात तुला जाणवतील एवढं सांगून ठेवते. बाहेर गारठा वाढला आहे. मफलर घेतलास का? कागदावर आवाज ऐकू येत नाही म्हणून सांगते, हे वाक्य कोरं वाचू नकोस.

तुझीच,
कोपऱ्यातली